एक बिशप, दोन डोकी : प्रागचा संत आदाल्बर्ट

पोझनानचा_पाहुणा

आमच्या ऑफिसात तीन वोइचेख आहेत. नुसती हाक मारली की तिघंही वळून बघतात, म्हणून एकाला वोइतेक म्हणतात, दुसऱ्याला आडनावानं बोलावतात आणि तिसऱ्याला 'उंच'. पोलंडमध्ये वाढदिवसासारखाच नावाचा दिवस असतो. ज्या संताचं नाव, त्याच्या सणाला केक. २३ एप्रिलला एकदम तीन केक आले. हा संत वोइचेख कोण, म्हणून विचारलं. पहिला म्हणाला, "प्रशियनांनी मारला तो." दुसरा म्हणाला, "दारावरचा." तिसरा केक कापत होता.

ते दार बघायला पुढच्या रविवारी ग्न्येझ्नोला जाऊन आलो. पोझनानहून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या कॅथेड्रलला साधारण ११७५ सालचं ब्राँझचं दार आहे. दोन पल्ले, एकेका पल्ल्यावर नऊ चौकटी, आणि १८ चौकटींत मिळून या एकाच माणसाचं चरित्र. डावा पल्ला खालून वर बघत जायचा, उजवा वरून खाली. डावीकडे तो जन्मतो, शाळेत जातो, बिशप होतो. उजवीकडे होडीतून उतरतो तो थेट कबरीपर्यंत. घरी येऊन फोटो मोजले तेव्हा लक्षात आलं की उजव्या पल्ल्यावरच्या शेवटच्या चार चौकटींत तो मेलेलाच आहे. मढं पडलंय, मढं तोलतायत, मढं नेतायत, मढं पुरतायत. एवढी जागा कारागिरानं उगाच दिलेली नाही, हे चरित्र वाचल्यावर कळलं.

साधारण ९५६ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, लिबित्से इथे स्लाव्हनिक या बड्या घराण्यात हा जन्मला. नाव वोयत्येख. तान्हेपणी मरणाच्या दारातून परतला. आईबापांनी मरियेच्या वेदीवर ठेवून नवस बोलला की जगला तर देवाचा. (आपल्याकडे पोर खंडोबाला वाहायचे, त्याच जातीचा नवस.) जगला, म्हणून शिकायला माग्डेबुर्गला धाडला. तिथल्या आर्चबिशपचं (म्हणजे बिशपांच्या वरचा बिशप) नाव आदाल्बर्ट. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्ती संस्कार) वेळी त्यानं स्वतःचं नाव याला दिलं. तेव्हापासून बाहेरच्या जगाला आदाल्बर्ट, चेकांना वोयत्येख, पोलिशांना वोइचेख.

प्रागचा पहिला बिशप ९८२ साली वारला. शांतपणे नाही, मी माझी माणसं सांभाळली नाहीत, आता नरकच, असा आक्रोश करत गेला. तरुण आदाल्बर्ट उशाशी होता. चरित्रकार सांगतात की त्याच रात्री त्यानं रेशमी कपडे टाकले आणि केसाळ खरबरीत वस्त्र अंगावर घातलं. लगेच त्यालाच बिशप निवडलं. वय जेमतेम २६. पुढच्या वर्षी माइन्झच्या आर्चबिशपकडून अभिषेक घेऊन प्रागमध्ये शिरला तो अनवाणी.

आणि मग सगळ्यांशी भांडण. मोठ्या घरांत दोन-दोन तीन-तीन बायका, धर्मगुरूंची लग्नं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुलामांचा बाजार. प्राग तेव्हा गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, आणि त्यात ख्रिस्ती माणसंसुद्धा विकली जात. चरित्रात एक स्वप्न आहे. ख्रिस्त येऊन म्हणतो, मी पुन्हा विकला जातोय आणि तू झोपलायस? दारावर हे स्वप्न आहे, आणि लगेच वरच्या चौकटीत तो राजासमोर उभा राहून गुलामांसाठी बोलतोय. मागे बेड्यांतली माणसं. मी त्या चौकटीपुढे सगळ्यात जास्त वेळ उभा होतो.

ऐकलं कोणीच नाही. ९८९ च्या सुमारास तो वैतागून निघून गेला. यरुशलेमला जायचं म्हणून सम्राज्ञी थिओफानोनं वाटखर्चाला चांदी दिली, ती यानं गरिबांत वाटून टाकली, आणि फिरत फिरत रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवरच्या मठात साधा साधू म्हणून राहिला. पाणी भरायचं, ताटावर वाढायचं. हातून भांडी फार फुटायची म्हणे. एकदा दारूची सुरई फरशीवर पडूनही फुटली नाही, तर तो चमत्कार ठरला आणि दारावर चढला! भांडी घासणाऱ्या बिशपबद्दल मला इथेच माया वाटायला लागली.

९९२ मध्ये वरून हुकूम, परत प्रागला. येताना रोमचे साधू घेऊन आला आणि ९९३ मध्ये राजाच्या मदतीनं ब्रेवनोव्हचा मठ उभा केला. पण पुन्हा ठिणगी पडली. व्यभिचाराचा आरोप असलेली एक सरदारघराण्यातली बाई जीव वाचवायला त्याच्याकडे आली. नवऱ्याकडचे तिला मारायला टपलेले. यानं तिला जोगिणींच्या मठात वेदीपाशी लपवलं. त्यांनी तिथून ओढून काढून तिचं डोकं उडवलं. हा पुन्हा रोमला. आणि मग २८ सप्टेंबर ९९५ ला, ऐन चेकांचा पाठीराखा संत वेन्सेस्लास याच्या सणाच्या दिवशी, प्रागच्या सत्ताधारी प्रेमिस्ल घराण्याच्या माणसांनी लिबित्से फोडलं आणि त्याचे चार भाऊ बायकापोरांसकट कापले.

पोप म्हणाला, एकदा विचारून बघ, प्रागवाले घेत नसतील तर मूर्तिपूजकांकडे जायला मोकळा. विचारलं. निरोप आला की आम्ही पडलो पापी, तू पडलास पुण्यवान, आपलं जमायचं नाही; शिवाय तू भावांचा सूड घ्यायलाच येणार. संपला विषय.

तो पोलंडला राजा बोलेस्वाफ ख्रोब्रीकडे गेला. ९९७ च्या वसंतात ३० शिपाई बरोबर देऊन राजानं त्याला विस्तुला नदीतून होडीनं धाडलं. ग्दान्स्कला पुष्कळांना बाप्तिस्मा दिला (ग्दान्स्क या शहराचा पहिला लेखी उल्लेख याच चरित्रात सापडतो), मग पुढे बाल्टिक समुद्राकाठी मूर्तिपूजक प्रशियनांच्या मुलखात. शिपाई परत पाठवले. उरले तिघंच: हा, सावत्रभाऊ राडिम आणि बोगुशा नावाचा एक धर्मगुरू. पहिल्याच ठिकाणी, हा स्तोत्रांचं पुस्तक वाचत बसला होता, तर एकानं पाठीत वल्हं हाणलं. पुस्तक एकीकडे, हा एकीकडे. म्हणून त्याच्या चित्रांत हाताशी वल्हं दिसतं. २३ एप्रिल, शुक्रवार. तिघं जंगलातून गात गात आले, माळावर मिस्सा (ख्रिस्ती उपासना) झाला, थोडं खाल्लं, झोपले. झोपेतच धरलं. टेकडीवर नेऊन सात भाले. पहिला भाला सिको नावाच्या म्होरक्याचा. त्याचा भाऊ पोलिशांच्या हातून मेला होता. डोकं तोडून खांबावर लावलं. बरोबरच्या दोघांना सोडून दिलं, म्हणून ही हकिगत कळली.

इथून खरी गोष्ट सुरू होते. बोलेस्वाफनं ते मढं वजनाइतकं सोनं देऊन विकत घेतलं. लोककथेत पोलिश माणूस तागडीत सोनं ओततच राहतो, काटा हलत नाही. शेवटी एक गरीब विधवा आपली दोन नाणी टाकते आणि मढं एकदम हलकं होतं. ९९९ पर्यंत पोपनं त्याला संत ठरवलंसुद्धा. आणि १००० सालच्या मार्चमध्ये सम्राट तिसरा ऑटो, वय वर्षं १९, आदाल्बर्टचा मित्र आणि भक्त, शेवटचा टप्पा अनवाणी चालत ग्न्येझ्नोला कबरीवर आला. त्या भेटीत पोलंडला स्वतःचा आर्चबिशप मिळाला, त्याच्या हाताखाली क्राकूफ, व्रोत्सवाफ आणि कोवोब्झेगचे बिशप. पहिला आर्चबिशप कोण, तर तोच सावत्रभाऊ राडिम. सम्राटानं आपला मुकुट काढून बोलेस्वाफच्या डोक्यावर ठेवला, वर पवित्र भाल्याची (क्रुसावरच्या ख्रिस्ताला टोचला असं मानतात तो) प्रतिकृती दिली. ती आजही क्राकूफला आहे. बदल्यात काय नेलं, तर संताचा एक हात. रोममध्ये टायबर नदीतल्या बेटावर त्यानं आदाल्बर्टच्या नावानं चर्च बांधलं, ते आज संत बार्थोलोम्यूचं म्हणून ओळखतात.

ज्या माणसाला एक शहर सांभाळता आलं नाही, त्याच्या हाडांवर एक राज्य उभं राहिलं. डोक्याचं प्रकरण प्रतिसादांत लिहितो, फार लांबलं.

---

वसईची_वाट

सुंदर लिहिलंत. आम्ही लहानपणी मिस्साच्या पुस्तकात २३ एप्रिलला संत जॉर्जच्या खाली बारीक अक्षरात आदाल्बर्टचं नाव वाचायचो, पलीकडे काही माहीत नव्हतं.

भाल्यावरून आठवलं. आमचा वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर भाल्यांनीच मारला गेला. आदाल्बर्टनंतर बरोबर ६०० वर्षांनी. तो बिशप नव्हता, फ्रान्सिस्कन संघातला साधा बंधू, पण भारतात जन्मलेला पहिला संत तोच, १८६२ साली.

हाडांच्या प्रवासाची गोष्ट तर आमच्या शेजारची आहे. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. जोर्दानुस नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूनं ती प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. हा पुढे कोल्लमचा बिशप झाला. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्यानं हाडं उकरून काढली आणि जहाजानं थेट चीनला नेली. वाटेत वारा पडला तेव्हा त्यातलं एक हाड समुद्रात टाकलं आणि वारा सुटला, असं तो स्वतःच लिहितो.

> पोझनानचा_पाहुणा
>
> ठाण्याची हाडं चीनला! हे अजिबात माहीत नव्हतं, आणि मी नौपाड्यात वाढलोय.

---

आळंदीचा_भक्त

आपल्या ज्ञानेश्वरादी भावंडांनाही समाजानं असंच छळलं आणि नंतर

> तिरकस_बाण
>
> प्रत्येक धाग्यावर माउलींना ओढलंच पाहिजे का? इथे राजाचे ३० शिपाई होते हो बरोबर. माझं मत विचाराल तर हा माणूस बोलेस्वाफचा माणूस होता. आधी क्रूस, मागून फौज. प्रशियनांना ते कळलं, त्यांनी बंदोबस्त केला. यात पूजा करण्यासारखं काय?

> पोझनानचा_पाहुणा
>
> बाण, निम्मं पटतं. राजाला प्रशियनांचा मुलूख हवा होता यात शंका नाही. पण शिपाई परत पाठवले ते यानंच. दुसरं चरित्र लिहिणारा ब्रूनो ऑफ क्वेरफुर्ट एक भारी गोष्ट सांगतो. मरण्याआधी काही दिवस आदाल्बर्ट म्हणत होता की आपले कपडे आणि हे तासलेलं डोकंच लोकांना बिथरवतं. केस-दाढी वाढवू, त्यांच्यासारखे कपडे घालू, हातानं काम करून पोट भरू, मग ऐकतील. फौजेच्या जोरावर आलेल्या माणसाचा हा विचार वाटत नाही. उशिरा सुचला एवढंच.
>
> प्रशियनांची बाजूही ब्रूनोनंच लिहून ठेवलीय, आणि मला ती फार खरी वाटते. ते म्हणाले, असल्या माणसांमुळे आमची जमीन पिकत नाही, झाडांना फळ धरत नाही, नवी जनावरं जन्मत नाहीत, जुनी मरतात. निघा. आपल्याकडच्या कुठल्याही गावात देवराईत परका शिरला आणि पुढे पाऊस लांबला, तर गावकरी दुसरं काय म्हणतील?

> तिरकस_बाण
>
> हे आवडलं. म्हणजे मारणाऱ्यांचं म्हणणं मेलेल्याच्या चरित्रात शिल्लक राहिलं. त्यांचं स्वतःचं काय राहिलं?

> पोझनानचा_पाहुणा
>
> जवळजवळ काही नाही. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघानं, त्यांचा मुलूख जिंकला. त्यांची भाषा लिथुआनियनच्या नात्यातली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती बोलणारं कोणी उरलं नाही. नाव तेवढं जिंकणाऱ्या जर्मनांनी लावून घेतलं. आज प्रशिया म्हटलं की टोकदार शिरस्त्राण आठवतं, ते यांचं नव्हेच.

> आळंदीचा_भक्त
>
> मला वाक्य पुरं तर करू द्यायचं.

---

कागदपत्रे

गुलामांच्या मुद्द्यावर थोडी भर. ९६५ च्या आसपास इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधला ज्यू प्रवासी प्रागला आला होता. दगड-चुन्यानं बांधलेलं, व्यापारानं सगळ्यात श्रीमंत शहर असं तो लिहितो, आणि इथून गुलाम, कथील आणि केसाळ कातडी बाहेर जातात असंही. म्हणजे बाजार होता हे बाहेरचा साक्षीदारही सांगतो.

पण संतचरित्रांत सगळा दोष ज्यू व्यापाऱ्यांच्या माथी मारलाय, दारावरही ते तसेच कोरलेत, ते जपून वाचायला हवं. माणसं धरून आणणारे आणि विकणारे ख्रिस्ती सरदार होते, पैसा राजाच्या तिजोरीत जात होता. बिशपचं खरं भांडण त्यांच्याशीच होतं, म्हणूनच तर त्याला गाव सोडावं लागलं. खरेदीदाराला शिव्या घालून कुणाला शहर सोडावं लागत नाही.

> पोझनानचा_पाहुणा
>
> शेवटचं वाक्य अगदी बरोबर. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

---

व्हल्टावाकाठी

प्रागहून नमस्कार. पोलंडवाल्यांनी धागा काढला म्हणजे डोकं त्यांच्याकडे आहे असं होत नाही. डोकं आमच्याकडे आहे. :)

सविस्तर सांगते. १०३९ मध्ये आमचा राजा ब्रेतिस्लाव पोलंडवर चालून गेला. बोलेस्वाफच्या वारसांत तेव्हा गोंधळ माजलेला. ग्न्येझ्नोची कबर उघडून त्यानं आदाल्बर्टची, राडिमची, आणि आणखी पाच हुतात्म्यांची हाडं उचलून प्रागला आणली. कोस्मास नावाच्या आमच्या जुन्या इतिहासकारानं हे अगदी चवीनं लिहिलंय. मला आवडतो तो कबरीपुढचा प्रसंग. हाडांना हात लावण्याआधी ब्रेतिस्लावनं सगळ्यांना शपथ घ्यायला लावली: आजपासून एकच बायको, दारूचे गुत्ते बंद, रविवारचा बाजार बंद, मढी शेतात-रानात पुरायची नाहीत. म्हणजे जिवंतपणी जे जे सांगून थकला, ते सगळं ४० वर्षांनी त्याच्याच थडग्यापुढे कबूल केलं. तेही चोरी करताना!

हे सगळं कशासाठी, तर प्रागला आर्चबिशप मिळावा म्हणून. मिळाला नाही. उलट पोपनं चोरीचं प्रायश्चित्त म्हणून चर्च बांधायला लावलं. आर्चबिशप मिळायला १३४४ उजाडलं. ज्या कॅथेड्रलला सगळे पर्यटक संत व्हिटसचं म्हणतात, त्याचं पूर्ण नाव संत व्हिटस, वेन्सेस्लास आणि आदाल्बर्ट असं आहे. आता बोला.

> पोझनानचा_पाहुणा
>
> बोलतो. इथल्या लोकांचं म्हणणं असं की तुमचे शिपाई घाईत होते आणि त्यांनी भलतंच मढं नेलं. खरा संत इथेच राहिला. पुरावा? ११२७ मध्ये ग्न्येझ्नोला डोकं सापडलं.

> व्हल्टावाकाठी
>
> ८८ वर्षांनी, सोयीस्करपणे. आमचं १८८० मध्ये कॅथेड्रलमध्ये पुन्हा सापडलं. तुमचं डोकं दाखवा पाहू.

> पोझनानचा_पाहुणा
>
> इथेच गोची आहे. ते १९२३ मध्ये चोरीला गेलं.

> तिरकस_बाण
>
> हाहाहा. मेला बिचारा ९९७ मध्ये, अजून डोक्याला शांतता नाही.

> पोझनानचा_पाहुणा
>
> अजून ऐका. ग्न्येझ्नोला वेदीमागे चांदीची शवपेटी आहे, ग्दान्स्कच्या कारागिरानं १६६२ मध्ये घडवलेली, झाकणावर संत कोपरावर रेलून पहुडलाय. १९८६ मध्ये चोरांनी रात्री शिरून ती मूर्ती तोडली आणि चांदी वितळवून टाकली. सापडली त्यातून पुन्हा घडवली. मी बघितली ती ही दुरुस्त केलेली. जवळ जाऊनही मला सांधा दिसला नाही.

---

शंकासुर

एक साधा प्रश्न. मेला ९९७, संत ९९९. आता तर संतपदाला वर्षानुवर्षं लागतात. इतकी घाई?

> वसईची_वाट
>
> तेव्हा आजच्यासारखी चौकशी, चमत्कारांची तपासणी, टप्पे वगैरे नव्हते. स्थानिक बिशप आणि लोक मिळूनच संत ठरवत. रोमच्या पोपनं रीतसर घोषणा करण्याचं पहिलं ठळक उदाहरण ९९३ चं, आउग्सबुर्गच्या उलरिखचं. म्हणजे आदाल्बर्ट या रांगेत अगदी पुढे. शिवाय हुतात्म्याला चमत्कार कमी लागतात, आजही.

> कागदपत्रे
>
> आणि मागे सम्राट लागतो. :) ऑटोचा त्याच्यावर खरोखर जीव होता. ९९६ मध्ये आदाल्बर्ट काही आठवडे माइन्झला त्याच्या दरबारी राहिला. चरित्रात लिहिलंय की रात्री सगळे झोपल्यावर हा उठून पहारेकऱ्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांचे जोडे साफ करून जागेवर ठेवायचा. बरेच दिवस कोणाला पत्ताच नव्हता.

> पोझनानचा_पाहुणा
>
> हे दारावर नाही. असायला हवं होतं.

---

मध्यरात्रीचा_वाचक

धागा आजच सापडला. एस्टरगोमला, म्हणजे हंगेरीच्या सगळ्यात मोठ्या चर्चला, आदाल्बर्टचंही नाव आहे हे इथे कोणी लिहिलं नाही. हंगेरीतही तो जाऊन आला होता म्हणतात. आणि १९९७ ला, त्याच्या मृत्यूला १००० वर्षं झाली तेव्हा, पोप जॉन पॉल दुसरे ग्न्येझ्नोला आले होते आणि समोर सात देशांचे राष्ट्राध्यक्ष बसले होते. पोलंड, चेकिया, जर्मनी, हंगेरी, स्लोव्हाकिया, लिथुआनिया, युक्रेन. टीव्हीवर पाहिल्याचं आठवतंय.

> व्हल्टावाकाठी
>
> आमचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हावेल होते त्यात. डोकं मात्र नेलं नव्हतं.

> पोझनानचा_पाहुणा
>
> काल वोइतेकला विचारलं, दोन्हीपैकी खरं डोकं कुठलं. तो म्हणाला, "चेक लोकांना सांग, बोलेस्वाफनं सोनं दिलं होतं, त्यांनी फुकट नेलं. आधी बिल दाखवा."

---

खादाड_खाऊ

एवढं सगळं वाचलं. केक कुठले होते ते कोणी विचारलंच नाही.

> पोझनानचा_पाहुणा
>
> दोन दुकानातले होते, खास नाही. तिसरा उंचच्या आईनं घरी केलेला सेर्निक. पनीरसारखं दाटसर चीज असतं त्याचा भाजलेला केक, वर मनुका. खरवस आणि चक्का यांच्या मधलं काहीतरी. पाककृती मागितलीय, पुढच्या नावाच्या दिवसापर्यंत मिळेल अशी आशा.